पाचर

मीटर बदलायचा म्हणून मी गॅस बंद केला,
कॉफी शेगडीवर अर्धीच तापून राहिली.
बुडापेस्टचा जानेवारी. नव्वदीला टेकलेल्या एटेल्काबाई
जुन्या मीटरवरचा नंबर एप्रनच्या टोकानं पुसत होत्या:
५५३६१७७.
"किती वेळ लागेल, फियाम?"
"चाळीस मिनिटं."
"पुरेत," म्हणाल्या,
आणि बिलाच्या पाकिटावर पाठीमागून भागाकार मांडला.

अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तीन गेला.
सातानं तीन उरले, तेरानं दहा, सतरानं आठ.
मी पान्याला जोर लावत होतो, नट गंजलेला,
त्या मागून सांगत होत्या, कोण लागत नाही ते.
एकोणतीस नाही. एकतीस नाही.
त्रेचाळीसही नाही.

नट सुटला तेव्हाच त्या म्हणाल्या, "सत्तेचाळीस!"
मग एकसष्ट.
मग उरला एकोणीसशे एकतीस.
"हा तपासायला नको. सत्तेचाळिसाच्या आतलं
कोणी लागलंच नव्हतं. हा मूळचाच."

तीन वेगळे मूळ, प्रत्येक एकदाच:
अशा संख्येला पाचर म्हणतात म्हणे.
मग त्यांनी तिची चौकशी सुरू केली,
शाळेत नव्या मुलाची करत असतील तशी.
भाजकांची बेरीज, स्वतःला सोडून:
दोन लाख तेरा हजार चारशे पंचावन्न.
पंचावन्न लाखांच्या घरात एवढंच?
"न्यून," त्यांनी लिहिलं.
अंकांचे वर्ग मिळवले: एकशे चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव,
एकशे पंचेचाळीस, बेचाळीस, वीस, चार,
सोळा, सदतीस, अठ्ठावन्न, एकोणनव्वद,
आणि पुन्हा एकशे पंचेचाळीस.
एकापर्यंत कधी पोचतच नाही.
"दुःखी."
एक-शून्याच्या लिपीत बारा एकं, सम,
"म्हणून दुष्ट. नावं मी नाही ठेवली."
चारानं भागून एक उरतो, वाटतं
दोन वर्गांत वाटून बसेल नीट;
पण सत्तेचाळीस आणि एकोणीसशे एकतीस
दोघेही तीन उरवणारे, दोघेही एकेकटे.
नाही बसत.

नव्या मीटरला फेस लावून गळती बघताना
त्या सहज बोलल्या, सत्तेचाळीसच्या ट्रामनं मी यायचे,
एकसष्टनं ओडोन. दोन्ही एकाच गोल चौकात थांबतात.
त्याचा जन्म एकतीसचा.

माझा हात थांबला. "म्हणजे हा नंबर तुमचाच!"
चष्म्यावरून पाहिलं त्यांनी. "वेडाच आहेस.
शोधायला बसलं की कुठल्याही आकड्यात
आपलं घर सापडतं.
विजेच्या मीटरमध्ये विचार काय निघालं.
दोन, दोन, तीन, आणि एक लांबलचक मूळ,
ज्याची माझी ओळख नाही."

नव्याचा नंबर शून्यात संपतो.
एकदाच पाहिला त्यांनी, "लगेच सुटणारा,"
आणि कॉफी पुन्हा ठेवली.

संध्याकाळी डेपोत भंगाराची नोंद.
खिडकीतल्या मुलानं टंकलं: ५५३६१७१.
एका अंकानं काय फरक पडतो,
भट्टीत जायचंय त्याला, तो म्हणाला.
मागं रांग होती, बाहेर बर्फ.
"सात," मी म्हटलं. "शेवटी सात आहे. खोड."