मोगरीखालचं मीठ

सुभाषनगरात आमच्या घराला दोन वास:
ओल्या कातड्याचा, बाभळीच्या सालीचा.
मीठ बिनवासाचं. गोण्यांनी यायचं,
भिंतीला टेकून बसायचं, आषाढात पाझरायचं.

आता अकरावीला शिकवते.
फळ्यावर सोडियमचा एक इलेक्ट्रॉन
क्लोरिनकडे निघाला, की मागच्या बाकावरून
दर वर्षी कुणीतरी ओरडतंच.
यंदा अझहर मुजावर:
"मॅडम, लग्न लागलं!"

लग्न कसलं रे.
तो एक काढून घ्यायला किंमत पडते,
क्लोरिन त्यातली थोडीच परत करतो,
उधारी राहतेच.
हिशेब जुळतो तो थरावर थर बसल्यावर.
एकेकाभोवती सहा शेजारी,
डावीउजवीकडे, पुढंमागं, वर, खाली,
सगळे उलट्या प्रभाराचे.
यातला कोण कुणाचा, मला विचारू नका.

आईच्या गुडघ्यांसाठी तव्यावर मीठ भाजायचो.
तडतडायचं,
वितळायचं नाही.
आठशे अंश लागतात त्याला.
आमच्या चुलीची तेवढी ऐपत नव्हती.

आणि बाबा, सातापा पोळ, चौथी नापास,
सैंधवाचा खडा मोगरीखाली धरून म्हणायचे,
"भुगा करू नगंस. त्येची शीर बघ, मग मार."
टक्.
खडा सपाट फुटायचा, आरशासारखा.
मी पुढं सांगलीला, वसतिगृहात वाचलं:
थर केसभर सरकतो,
सारख्यासमोर सारखं येतं
आणि एकमेकांना ढकलून देतं.
कातडं वाकतं. हे वाकत नाही.
बाबांना शीर ठाऊक होती, केसभर ठाऊक नव्हतं.
त्यांचं काही अडलं नाही.

रविवारी बॅटरी, बल्ब, दोन तारा घरी नेल्या.
कोरड्या खड्याला तारा लावल्या:
अंधार.
"मेलंय जणू," बाबा म्हणाले.
मेलं नाही बाबा, जागचं हलता येत नाही त्याला.
पाण्यात सोडलं की सुटे होतात सगळे,
मग नेतात वीज इकडून तिकडं.

तेवढ्यात ते कातडी मीठवून उठले,
बादलीत हात धुतले,
भेगांमुळं तोंड वाकडं केलं जरासं.
मी त्याच पाण्यात तारा बुडवल्या.

बल्ब लागला. मंद, पिवळा.

बाबा हात बघत राहिले, उलटे, सुलटे.
"आयला," म्हणाले,
"आन् बिल मातर महावितरणचं भरतोय मी."