दोन मिलिमीटर

तेलावीत वाझा चाळीस वर्षं
वाइन चाखतो नि थुंकतो.
आंबटानं दात झिजत गेले,
उरलेले झोपेत त्यानंच खाल्ले.
त्सित्सिनो उठून बसायची,
त्याचा जबडा ओंजळीत धरायची
जातं थांबेपर्यंत.
ती गेली. जातं चालूच.

डॉक्टर एतेरी आधी मेणात दात रचते,
दोन मिलिमीटर उंच.
मग कच्चे दात, सहा आठवडे, सवयीला.
"बोला काहीतरी. स, त्स...
हवा कुठून सुटते बघू."

वाझा नाव घेतो.
शीळ न वाजता,
धड.

एतेरी लाल कागद चावायला देते,
ठिपका पाहून घासते, पुन्हा देते.
निघताना रात्रीचं कवच डबीत.
डबी तो
दोन्ही हातांनी धरतो.