तीस फ्रेम

सोहार. फलजचा कॅम्प, खोली नंबर अकरा.
साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद,
जून ते ऑगस्ट, सरकारी हुकूम.
पत्रा असा तापतो की कावळा टेकत नाही.
त्या तीन तासांत मी सेटिंग करतो.

मी चिलर मेकॅनिक, मूळचा कुडाळचा.
दिवसभर गेज वाचायचे :
किती टनांचा लोड, पाणी किती गार गेलं,
किती गरम होऊन परत आलं.
म्हणून या हातातल्या यंत्राचं दुखणं मला लगेच कळलं.
नखाएवढा पंखा आणि डोंगराएवढी लढाई.
रॉडेलकडून सत्तर रियालला घेतलं.
डावी कांडी आपोआप जरा सरकते,
बाकी ठणठणीत.

गेम जपानी.
एक तलवार, एक मोडका पूल,
एक कोल्हीण, जी सरळ कधी बोलत नाही,
आणि पुलापलीकडे बर्फ.
बर्फ सुरू झाला की फ्रेम गळायला लागतात,
चाळीस, एकतीस, बावीस.
पंखा किंचाळतो. पाठ तव्यासारखी होते.
बर्फातून चालताना माझे तळवे भाजतात,
हे घरी कुणाला सांगू?

मग एकेक कमी करत गेलो.
गवत : कमी.
पाण्यातलं प्रतिबिंब : नको.
लांबचे डोंगर : जाऊ देत धुक्यात.
सावल्या :
इथे बोट थांबलं.
खिडकीबाहेर सात माणसं, बसची वाट बघत,
दिव्याच्या एका खांबाच्या सावलीत
एकामागे एक, रेघेसारखी उभी.
सावली सरकली की रेघ सरकायची.
आणि मी झाडाची, देवळाची, कोल्हिणीची
सावली एका बटणात काढून घेतली.
बदल्यात तीन फ्रेम मिळाल्या.
तीन म्हणजे किती,
ते बावीसवर मेलेल्यालाच ठाऊक.

शेवटी तीसवर बांधून टाकला गेम.
पुढे नाही, मागे नाही. तीस.

पुलावर एक घंटावाला असतो.
डोक्याच्या जागी घंटा, हातात कुऱ्हाड.
बटण दाबलं की माझी उडी जरा मागाहून येते,
तोवर कुऱ्हाड आलेली असते.
पंचवीस वेळा मेलो.
मग हात शिकला :
घाव दिसायच्या आधी उडायचं.
सव्विसाव्या वेळी घंटा नदीत पडली.
मी इतका ओरडलो
की नाइट शिफ्टच्या मामूनने चप्पल फेकून मारली.

शुक्रवारी रॉडेलच्या मित्राकडे तोच गेम,
मोठं कॉम्प्युटर, मोठा टीव्ही, साठ फ्रेम.
लोणी.
पुलाच्या प्रत्येक दोराला सावली होती.
घंटावाल्याने कुऱ्हाड उचलली,
मी उडालो, खाली आलो,
आणि मग कुऱ्हाड आली.
पाचही वेळा तेच.
रॉडेल म्हणाला, मशीन चांगली आहे भाई,
तू घाई करतोस.

रसिकाशी फोनवर उलटं असतं.
तिचं वाक्य संपलं असं वाटलं तरी
एक श्वास जाऊ द्यायचा,
नाहीतर दोघं एकदम बोलतो
आणि दोघं एकदम गप्प होतो.
सहा वर्षांत हात बसलाय.

फेब्रुवारीत रजेवर गेलो.
ती चुलीपाशी, मी दोन हातांवर पाटावर.
म्हणाली, "आणि एक भाकरी वाडू?"
मी थांबलो. जास्त नाही,
तेवढाच, एक श्वास.
तिने वळून पाहिलं.
"तुमका हल्ली आयकाक कमी येता काय?
त्या मशिनींच्या आवाजान?"
मी म्हटलं, असेल.
म्हटलं तेही
जरा थांबूनच.

तीन आठवड्यांनी जमायला लागलं होतं.
चौथ्यात विमान होतं.

साडेतीनचा भोंगा झाला.
यंत्र उशीखाली ठेवायचं नसतं, गुदमरतं.
फ्रीजवर ठेवतो, निवू दे.
बॅटरी एकोणीस टक्के.
बर्फात कोल्हीण अर्ध्या वाक्यावर थांबलीय,
तोंड उघडं,
पायाखाली सावली नाही.
पुढचं वाक्य मला पाठ आहे.
तरी रात्री आल्यावर
तिला ते पुरतं बोलू देईन.