सुटकेचं बटन

बाकी सगळी नावं नीट उमटतात,
फक्त उज्ज्वला मच्छिंद्र शेळके
वडणग्याच्या दूध संस्थेच्या यादीत बसत नाही.
बँकेला नावं इंग्रजीत लागतात.
यू दाबला, जे, पुन्हा जे,
की कर्सर टुणकन पुढच्या शब्दावर
आणि तिचा 'ला' मच्छिंद्रच्या पोटात.

रात्रीचे साडेअकरा. खाली उद्यमनगरातला
शेवटचा लेथ थांबला, फरशीची थरथर गेली.
एडिटरच्या सेटिंगची फाईल उघडली: तीनशे बारा ओळी,
त्यातल्या माझ्या जेमतेम चाळीस.
बाकीच्या भरमाण्णा चौगुलेच्या.
एकीवर त्याची टीप:
"हात लावू नगंस. का चालतंय म्हाईत न्हाई."

वरची निम्मी झाकली. बंद, चालू.
रंग गेले, ओळींचे आकडे गेले,
उज्ज्वला तरी फुटलीच.
खालच्यातली निम्मी झाकली.
आली, अखंड.
मग त्या निम्म्याची निम्मी, चहा, आणखी निम्मी.
पावणेदोनला उरल्या तीन ओळी.
मधली म्हणत होती: जे-जे म्हणजे एस्केप.

आठवलं.
त्याच्या जुन्या कीबोर्डवर सांडलेला चहा,
एस्केपचं बटन रुतलं ते वर आलंच नाही.
साहेबांकडं नवा मागायचा नाही म्हणून
त्यानं उजव्या तर्जनीखाली चोरदार पाडलं.
कीबोर्ड भंगारात गेला,
भरमाण्णा जयसिंगपूरला, रोपवाटिकेत.
दार तसंच उघडं.
मागल्या महिन्यात सज्जन कुंभार त्यातनंच पडला असणार.
त्याचं बिल परत आलं होतं,
मी बँकेला शिव्या घातल्या होत्या.

जे-जे काढून के-के केलं.
यादीत आक्काताई अकरा.
एल-एल? मल्लू, कल्लाप्पा, येल्लूबाई.
पी-पी नको, निम्मं गाव आप्पा.
एन-एनमध्ये तर भरमाण्णा स्वतःच.
आमच्याकडं अक्षरं जोडीनंच नांदतात.
शेवटी क्यू-क्यू.
करंगळीला लांब पडतं,
पण तिथं कुणी राहत नाही.

उज्ज्वला बसली.
टीप मी पुसली नाही.

त्याला मेसेज टाकला: ओळ सापडली तुझी.
आणि फोनवर, काही कारण नसताना,
बोटानं शेवटी दोनदा जे दाबलाच.

सकाळी उत्तर, वाफ्यांच्या फोटोखाली:
"झेंडू केलाय औंदा. ये एकदा. जेजे"