दोन घरचा पाहुणा

केयोनच्या धक्क्यावर, शिंपलेवाल्यांच्या सहकारी हापिसात
सगळ्यात म्हातारा संगणक माझ्या वाट्याला आला,
कारण मोडेमचं फक्त त्याच्याशीच जमतं.
पाठीत काळी केबल, तिची शेजारच्या टेबलांशी सोयरीक;
दुसरीकडे टेलिफोनची तार, तिची बाहेरच्या जगाशी.
दोन्ही एकदम लावल्या की झालाच दोन घरचा पाहुणा.
बाहेरचं पान मागावं तर हा
हिशेबनिसाच्या खोलीत जाऊन शोधत बसतो
आणि उपाशी परत येतो.

लाउतारो बारिया कास्त्रोहून बसनं आला,
टेबलाखाली डोकं घालून बोलला,
"एदुविनाबाई, बाहेर जायचं तर आधी घरातून सुटावं लागेल.
पण केबल मधेच तोडू नका,
तोडलीत तर सगळ्यांचे पडदे गोठतील.
हा पितळी टी आहे ना, तो केबलीलाच राहू द्या,
फक्त स्वतःला त्याच्यापासून सोडवा.
पाव पिळा. ओढा."
मी म्हटलं, म्हणजे मी नसले तरी ह्यांचं चालतं.
"चालायलाच पाहिजे," तो म्हणाला, "जोडणीच तशी असते."
हे वाक्य त्यानं बिलात धरलं नाही.

तेव्हापासून रोज पाचला
पाव पिळा, ओढा.
मोडेम घसा खाकरतो, पत्र्यावर खिळा ओढतो,
मग एकाएकी शहाण्यासारखा गप्प.
मधेच कुणी फोन उचलू नये
म्हणून रिसीव्हरला मी लोकरीची टोपी घालते.
डॉन बेलार्मिनो चिडतात. टोपी त्यांचीच.

आरोग्य खात्याचं पत्रक उतरतं
मुंगीच्या पायांनी, ओळीमागून ओळ:
कुठल्या खाडीतले शिंपले खाण्याजोगे,
कुठे समुद्रानं विष धरलंय.
आमचं नाव बहुतेक नसतंच.
मी पुन्हा केबल लावते, पत्रक छापायला धाडते,
किटलीखालचा गॅस मोठा करते.

त्या गुरुवारी आउकेमो आलं.
आधी नुसता आ, मग उरलेली अक्षरं,
मग आकडा. मर्यादेच्या नऊपट.

खिडकीतून धक्का दिसत होता.
माझा भाऊ एलेउतेरिओ ट्रकवर पोती चढवत होता,
आउकेमोतलीच, अठ्ठावीस.
होडीच्या इंजिनाचा हप्ता त्यातूनच जायचा.
ट्रकवाला सिगारेट विझवून आरसा नीट करत होता.

हापिसात ही गोष्ट ठाऊक असलेली मी एकटी,
आणि माझं तर त्या घडीला हापिसाशी नातंच नव्हतं;
टी टेबलाखाली लोंबत होता.
लाइन तुटली म्हटलं असतं तर कोण विचारणार?
रोजच तुटते.
विषानं शिंपल्याची चव बदलत नाही.
वास येत नाही. उकळून जात नाही.

मिनिटामिनिटाला पैसे पडत होते.
चार मिनिटं, संस्थेच्या खर्चानं,
काहीही न मागता मी जगाशी जोडलेली होते.

मग वाकले. अंधारात टी सापडेना,
सापडला तर पिळा बसेना,
बसला तेव्हा बोटाला पितळेचा ओरखडा.
पलीकडच्या खोलीत प्रिंटर कण्हला.
कागद पुरता बाहेर यायच्या आत
मी दार उघडून धक्क्याकडे ओरडत होते.

एलेउतेरिओनं वर पाहिलं,
पोतं खांद्यावर तसंच.
त्याला वाटलं, त्याचा फोन आलाय.