त्या कलेत निष्णात व्यक्ती

परीक्षण अहवाल आला तेव्हा धंतोलीत शेहेचाळीस अंश,
कूलरची खस कडकडीत,
आणि उत्तराला सहा महिने.

केवलराम लांजेवार हिंगण्याहून स्कूटरवर आलेले,
दुपट्टा अजून कानांवर.
मी वाचून दाखवलं, मराठी करत करत.
दस्तऐवज एक, जर्मनी, अडुसष्ट साल :
भट्टीच्या दारामागे पक्की बसवलेली अडपट्टी.
दस्तऐवज दोन, जपान : तीच पट्टी, मोटरवर हलणारी.
दोन्ही शेजारी ठेवले तर
मोटर काढून पट्टी सैल टांगणं
'त्या कलेत निष्णात व्यक्तीला उघड आहे'.

"कोन हाय थो?"
कोण?
"हाच, निष्णात. बुटीबोरीचा हाय का?"

कुठलाच नाही, म्हटलं. कायद्यानं कल्पिलेला माणूस.
जगातला एकूण एक कागद त्यानं वाचलाय,
जर्मन, जपानी, सगळा.
हात सराईत आहेत.
फक्त त्याला स्वतःहून काही सुचत नाही.

लांजेवार बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "असे तीन हायेत माह्याकडं.
पगार देतो त्यायले."

भट्टी मी पाहिली होती, अर्ज करण्याआधी, जानेवारीत.
रेखाचित्रात ती फार सभ्य दिसते :
दहा कवच, बारा विटांचा थर, चौदा दार, सोळा ती पट्टी,
प्रत्येक आकड्याला एक बारीक बाण.
बाणाला जळक्या तेलाचा वास नसतो.
चित्रात तो पत्र्याचा डबाही नाही
ज्यावर बसून हा माणूस रात्रपाळीला भोकातून आत बघतो
आणि पायरोमीटरच्या आधी सांगतो, नऊशे वीस.
पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं,
'पोलाद संत्र्याच्या सालीच्या रंगावर येईपर्यंत'.
मीच खोडलं.
अंबियाचं की मृगाचं, विचारतील.

शोध लागला कसा, हे अर्जात कुणी विचारत नाही.
बिजागरी तुटली होती.
दिवाळीचं तोंड, फिटर गावाला,
पट्टी एका तारेवर लोंबत राहिली आठवडाभर
आणि त्या आठवड्यातला एकही शाफ्ट वाकला नाही.
फिटर आला. त्यानं ती नीट बसवली.
शाफ्ट पुन्हा वाकले.
तेव्हा यांनी हातोडी घेतली
आणि नीट बसवलेली बिजागरी
मुद्दाम तोडली.

कायदा ज्याला शोधाची पायरी म्हणतो
ती माझ्या मते तिथे आहे,
हातोडी उचलली आणि खाली आली, त्या मधल्या जागेत.
उत्तरात मात्र मी लिहिलं :
'दस्तऐवज दोन वाचणारा मोटर सुधारेल, काढणार नाही.'
चार परिच्छेद. सगळे खरे. हातोडी एकातही नाही.

सुनावणी पडद्यावर झाली.
अधिकारी बाई मुंबईहून, आवाज तुटत तुटत.
त्यांनी एकच विचारलं : पट्टी किती कलते?
मी कागद चाळू लागले.
लांजेवारांनी कॅमेऱ्यासमोर तळहात उभा धरला
आणि हळूच मागे झुकवला,
आतली धग लागल्यासारखा.
"एवढी."
पडदा गोठलाय की काय असं वाटलं,
पण बाईच थांबल्या होत्या, हाताकडे बघत.
मग म्हणाल्या, आकड्यात लिहून पाठवा.

संध्याकाळी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक
मी त्यांच्या मनगटाशी धरला, सात वेळा.
मधे एकदा चहा आला, एकदा लाइट गेली.
सातही वेळा सतरा.

मूळ अर्जात 'वीस अंशांच्या आत' एवढं होतं, म्हणून निभावलं.
दावा एक, सुधारित : 'पंधरा ते एकोणीस अंश'.
निकाल अजून यायचाय.
सतरा त्यांचे.
अलीकडचे दोन, पलीकडचे दोन मी सोडलेत,
त्या निष्णात माणसाला
चाचपडायला.