दोन इंच हवा

पश्चिमेची भिंत दुहेरी हवी, हे माझंच म्हणणं.
मानेवाड्यात एप्रिल लागला की
दुपारी चारला भिंतीला पाठ टेकवत नाही,
आणि वाढवलेल्या खोलीत ह्यांची खाट येणार होती.
उजवी बाजू गेल्यापासून
हे घामसुद्धा डाव्या हातानंच पुसतात.

म्हणून कागदावर काढून दिलं:
चार इंची वीट बाहेर, चार इंची आत,
मधे दोन इंच काहीच नाही.
बुराडे ठेकेदार हसले.
"मॅडम, लोक भिंतीचे पैसे देतात,
तुम्ही काहीच-नाहीचे देऊन राहिल्या."

काहीच-नाही बांधणं अवघड असतं.
बत्तीस वर्षं भूमिती शिकवली,
दोन समांतर रेषांच्या मधल्या जागेबद्दल
एकदाही बोलले नाही.

झिबल मिस्त्री ओळंबा सोडायचा, दोरी ताणायचा,
वीट ठेवून थापीच्या दांड्यानं दोनदा टकटक.
दाबल्या विटेखालून मसाला दोन्हीकडे ओघळायचा.
बाहेरचा तो कापून घ्यायचा, लोणी काढावं तसा.
आतला पडू द्यायचा.

सातव्या थरानंतर, ते जेवायला बसले असताना
मी स्टुलावर चढले
आणि मोबाईलची बत्ती फटीत सोडली.
खाली मसाल्याचा ढीग, विटांचे तुकडे,
खर्र्याची पन्नी.
दोन भिंतींना जोडणाऱ्या सळ्या आतल्या अंगाला उतरलेल्या,
म्हणजे जुलैत पाणी
पायऱ्या उतरल्यासारखं खोलीत येणार.
एका सळीवर मसाल्याचा गोळा
या भिंतीला आणि त्या भिंतीला
दोन्ही हातांनी धरून बसलेला.

"प्लास्टर झालं का सगळं सारखं," बुराडे म्हणाले.
"आतमधी कोन पाह्यते?"
पाडा.
"सात थर?"
पाडा, म्हटलं ना.
आवाज वर्गातला निघाला. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.
"ठीक आहे. दोघांची रोजी कापतो मग."

सायत्रा ड्रममध्ये हात धुत होती.
त्या सात थरांची प्रत्येक वीट
तिच्या डोक्यावरून आलेली.
हे माझ्या हिशेबात नव्हतं.

झिबल डबा बंद करत म्हणाला,
"बाई, आमाले कोनी सांगतलंच नाही का मधात मोकळं ठेवाचं.
आमाले वाटलं, इटा वाचवून राह्यले."

मग पाडलं नाही.
खालच्या थरातली दर तीन फुटांवर एक वीट काढली,
आणि सायत्रानं, तिचाच हात बारीक म्हणून,
कोपरापर्यंत आत घालून
सगळं ओढून काढलं, अर्धं ओलं, अर्धं धरलेलं.
मनगट खरचटलं. मी हळद आणली,
ती म्हणाली, राहू द्या, आणखी एक भोक बाकी आहे.
रोजी मी दिली. बुराड्यांनी ती मोजून घेतली,
किती पुढे पोचली, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी झिबलनं ह्यांच्या जुन्या पलंगाची पट्टी मागितली,
दोन इंचाला दोन सूत कमी,
दोन्ही टोकांना सुतळी बांधून फटीत सोडली.
दर तीन थरांनी वर ओढायची,
पडलेला मसाला झटकायचा, पुन्हा सोडायची.
विहिरीवर पोहरा ओढावा तसा तो
कोरडी हवा शेंदत होता.
कागदावर मी हे काढलं नव्हतं.

आता मे.
चार वाजता मी भिंतीवरून हात फिरवते.
गार नाही म्हणता येणार,
ताप नुकता उतरलेल्या कपाळासारखी आहे.
फक्त खिडकीच्या डावीकडे, खाटेच्या उंचीवर
तळहाताएवढी एक जागा तापते.
बारीक हातालाही तिथलं सुटलेलं नसणार.

ह्यांना मी सांगितलं नाही.
काल उठून बसले, डावा हात
नेमका तिथंच ठेवला, आणि ठेवूनच दिला.
शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो.
"इथून," म्हणाले,
"ऊन... येतं... भेटायला."